जपानी भाषा पेन्सिल, फोन आणि रेल्वेगाडी एकाच शब्दाने का मोजते?

भारत आणि जपान यांच्यात ऑगस्ट २०२५ मध्ये मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा एक आराखडा ठरला. पाच वर्षांत दोन्ही देशांतील मिळून ५ लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यांत भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल व होतकरू लोक असावेत, असे त्यात म्हटले आहे. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा कित्येक दशकांची आहे. आता इतर शहरांतील घरांतही ‘जपानीचा वर्ग लावावा का’ हा विषय निघत असेल, तर त्यात नवल नाही. वर्ग लावणाऱ्याला पहिली धास्ती असते ती लिपीची. ती सरावाने जाते. पण काही आठवड्यांनी ‘तीन पेन्सिली द्या’ असे म्हणायची वेळ येते आणि तेव्हा लक्षात येते, की एक ते दहा आकडे तोंडपाठ असूनही आपल्याला जपानीत मोजता येत नाही. कराटेच्या वर्गात ‘इची, नी, सान, शी’ म्हणत कवायत केलेल्या मुलांनाही ते आकडे इथे पुरत नाहीत.

ही अडचण ज्या शब्दांमुळे येते त्यांपैकी एकाची, ‘होन’ची, ओळख इथे करून द्यायची आहे. (शिवकालीन सोन्याच्या होनाशी त्याचा काही संबंध नाही, उच्चार तेवढा जुळतो.) पेन्सिल, छत्री, केळे, दात, नदी, फोन (म्हणजे केलेला कॉल), चित्रपट, इंजेक्शन, रेल्वेची फेरी, बेसबॉलमधील होमरन आणि जूदोतील निर्णायक गुण हे सारे जपानी माणूस ‘होन’नेच मोजतो. पहिल्यांदा वाचताना या यादीला काही आगापिछा नाही असे वाटते. मला मात्र ती भाषेतील अतिशय सुसंगत रचनांपैकी एक वाटते, आणि तसे का वाटते हे सांगण्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

नुसता आकडा का चालत नाही?

वाण्याच्या दुकानात जाऊन कोणी ‘तेल तीन द्या’ म्हटले, तर दुकानदार विचारतो, ‘तीन काय? लिटर की पिशव्या?’ तेल, साखर, डाळ ही नावे मराठीत केवळ पदार्थ सांगतात. त्या पदार्थाचा एक नग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगत नाहीत. म्हणून आकडा आणि पदार्थ यांच्यामध्ये किलो, वाटी, पिशवी असे काहीतरी घालावे लागते. पेन्सिल किंवा गाय या नावांना अशी गरज पडत नाही, कारण एक पेन्सिल म्हणजे काय ते त्या नावातच आलेले असते.

जपानीत जवळजवळ प्रत्येक नाम आपल्या तेल-साखरेसारखे वागते. ‘एन्पित्सु’ म्हणजे पेन्सिल; एक असो वा शंभर, शब्द तोच राहतो. त्यामुळे तीन पेन्सिली हव्या असतील तर ‘एन्पित्सु ओ साम्बोन कुदासाई’ असे म्हणावे लागते. शब्दाला शब्द लावून पाहिले तर त्याचा अर्थ ‘पेन्सिल, तीन-होन, द्या’ असा होतो. कागद असता तर तीनला ‘माई’ लागले असते, कारण कागद सपाट आहे. मोटार असती तर ‘दाई’, पुस्तक असते तर ‘सात्सु’, मांजर असते तर ‘हिकी’. या शब्दांना जपानी व्याकरणात ‘जोसूशी’ म्हणतात. आपण त्यांना मोजशब्द म्हणू.

मराठीत असे काही नाहीच का?

आहे, पण कोपऱ्यात आहे. ‘आम्ही पाच जण’ यातील ‘जण’ हा खराखुरा मोजशब्द आहे. तो फक्त माणसांना लागतो, आणि बंगालीत त्याचाच भाऊबंद ‘जोन’ कितीतरी अधिक राबतो. कारखान्यातला आणि बाजारातला ‘नग’ही त्याच जातीचा. मेथीची जुडी, केळ्यांची फणी, लसणाचा गड्डा हे शब्द मात्र थोडे निराळे आहेत, कारण ते अनेक वस्तूंचा एक गठ्ठा करतात. ‘होन’ नेमके उलट काम करतो, म्हणजे एकेक वस्तू सुटी करून दाखवतो. केळ्यांची फणी जपानीत ‘हितोफुसा’ आणि त्या फणीतले एक केळे ‘इप्पोन’.

मराठीतील आणखी एक मोजणी इथे ध्यानात ठेवावी, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. लग्नघरी आचारी विचारतो, ‘किती पानं?’ आणि यजमान सांगतो, ‘दीडशे.’ तिथे केळीची पाने मांडलेली नसतात, स्टीलची ताटे असतात किंवा हल्ली तर लोक उभ्यानेच जेवतात. तरीही जेवणारी माणसे पानांनी मोजली जातात. शंभर उंबऱ्यांचे गाव म्हणताना आपण घरे उंबऱ्यांनी मोजतो, तसेच हे.

झाडाच्या बुंध्यापासून सुरुवात

‘होन’ ज्या चित्राक्षराने लिहितात ते पाहण्यासारखे आहे. झाडाचे चिन्ह काढायचे आणि त्याच्या खोडावर, अगदी तळाशी, एक छोटी आडवी रेघ मारायची. ती रेघ म्हणते, ‘इथे पाहा, मुळाशी.’ म्हणून या अक्षराचा पहिला अर्थ मूळ. मुळावरून अस्सल, मुख्य, उगम असे अर्थ फुटले. जपान या देशाचे नाव ‘निहोन’, म्हणजे सूर्याचे मूळ, त्याच अक्षराने संपते, आणि पुस्तकालाही जपानीत ‘होन’च म्हणतात.

हे अक्षर चीनमधून आले आणि मोजणीचे कामही तिथूनच घेऊन आले. चीनच्या हान राजवटीच्या इतिहासात एका अधिकाऱ्याची हकिगत आहे. त्याने आपल्या प्रांतातील लोकांना माणशी एक एल्मचे झाड लावायला सांगितले आणि त्यासोबत कांद्याच्या जातीच्या भाज्यांचे रोप किती लावायचे तेही ठरवून दिले: एकीचे शंभर ‘बेन’ आणि दुसरीचे पन्नास. ‘बेन’ हा याच अक्षराचा चिनी उच्चार. मूळ असलेली, जमिनीतून उगवणारी प्रत्येक वनस्पती म्हणजे एक ‘बेन’, असा तो हिशेब होता. पुढे चिनी भाषेत ‘बेन’ पुस्तके मोजू लागला आणि जपानीत झाडाच्या खोडावरून तो सर्व लांबट वस्तूंकडे वळला. म्हणून दोन्ही भाषा शिकणाऱ्याला इथे हमखास ठेच लागते: जपानीत ‘होन’ म्हणजे पुस्तक, पण पुस्तके ‘होन’ने मोजत नाहीत, ‘सात्सु’ने मोजतात, चिनीत मात्र त्याच अक्षराने पुस्तके मोजतात.

खोडानंतरचा प्रवास सरळ आहे. काठी, खांब, मेणबत्ती, छत्री, सुई, दोरा, केस, बोट, दात, गाजर, मुळा, बाटली, नेकटाय हे सारे लांबट आहेत. त्याहून मोठ्या मापावर रस्ता, नदी आणि लोहमार्गही लांबटच. वरून पाहिले तर नदी म्हणजे जमिनीवर पडलेली दोरी. बाणही अर्थातच ‘होन’चाच. सोळाव्या शतकातील सरदार मोरी मोतोनारी याने आपल्या तीन मुलांना एकेक बाण मोडायला दिला आणि मग तीन बाण एकत्र बांधून दिले, ते कोणालाच मोडता आले नाहीत, अशी दंतकथा जपानमध्ये प्रसिद्ध आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या शेतकऱ्याची आणि काठ्यांच्या मोळीची गोष्ट सांगतात, तीच ही. त्या कथेतले ‘साम्बोन नो या’, म्हणजे ‘तीन बाण’, पंतप्रधान शिंझो आबे यांनी २०१२ च्या अखेरीस सत्तेवर परतल्यावर आपल्या आर्थिक धोरणासाठी उचलले आणि ते शब्द जगभरच्या वृत्तपत्रांत गेले.

इप्पोन, निहोन, साम्बोन: उच्चार का बदलतो?

एक लांबट वस्तू म्हणजे ‘इप्पोन’, दोन ‘निहोन’, तीन ‘साम्बोन’, चार ‘योनहोन’, पाच ‘गोहोन’, सहा ‘रोप्पोन’, सात ‘नानाहोन’, आठ ‘हाप्पोन’, नऊ ‘क्यूहोन’ आणि दहा ‘जुप्पोन’. ‘होन’चा ‘पोन’ आणि ‘बोन’ कसा झाला, असे प्रत्येक विद्यार्थी विचारतो.

त्याचे उत्तर भाषेच्या इतिहासात आहे. आजच्या जपानीतील ‘ह’ फार पूर्वी ‘प’ होता. तो आधी ओठांनी फुंकर घातल्यासारखा ‘फ’ झाला आणि मग ‘ह’ झाला. फादर स्टीफन्स गोव्यात ज्या काळात मराठी आत्मसात करून तीत रचना करत होते, त्याच काळात त्यांच्याच जेझुइट संघाच्या जपानमधील मिशनऱ्यांनी १६०३ मध्ये नागासाकी इथे जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला, आणि त्यात देशाचे नाव ‘निफोन’ असे लिहिलेले सापडते. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ‘फ’ ऐकू येत होता. एक, सहा, आठ, दहा या आकड्यांनंतर जोडाक्षराचा आघात पडतो, आणि त्या आघाताने जुना ‘प’ जपला गेला. तीननंतर अनुनासिक येते, म्हणून तो मऊ होऊन ‘ब’ झाला. ‘वाक्’ आणि ‘दान’ जोडताना आपण ‘वाग्दान’ म्हणतो, त्यातलेच हे तत्त्व आहे.

तरीही हे अवघड आहे, अशी तक्रार कोणी केली तर ‘पाच’ची मराठी रूपे आठवावीत: पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंचाहत्तर. जपानी माणूस पस्तीसला सरळ ‘तीन-दहा-पाच’ म्हणतो. अवघडपणा प्रत्येक भाषेत कुठे ना कुठे असतो. त्याची जागा बदलते.

एक बारीक गोष्ट जाता जाता सांगतो. दोन पेन्सिलींमधले ‘निहोन’ आणि देशाचे नाव ‘निहोन’ लिपीत वेगळे दिसतात, पण ऐकताना अक्षरे तीच असतात. टोकियोच्या प्रमाण बोलीत फरक सुरांचा असतो: वस्तू मोजताना सूर पहिल्या ‘नि’वर चढलेला असतो आणि लगेच उतरतो, देशाचे नाव घेताना तो ‘हो’वर चढतो.

एकच वस्तू, पण तिच्याकडे पाहायचे कसे?

इथपर्यंत वाचून असे वाटेल, की मोजशब्द म्हणजे वस्तूवर कायमची चिकटवलेली चिठ्ठी आहे: लांब असेल तर ‘होन’, सपाट असेल तर ‘माई’. तसे नाही, आणि ‘होन’चे खरे मर्म इथेच सुरू होते.

‘बीरू’ म्हणजे बिअर. जपानी खानावळीत ‘बीरू निहोन’ म्हटले तर टेबलावर दोन बाटल्या येतात. ‘बीरू निहाई’ म्हटले तर दोन भरलेले पेले येतात. ‘बीरू’ या शब्दात काहीच बदलले नाही. बाटल्या की पेले ही माहिती सर्वस्वी मोजशब्दाने दिली.

साकुराचे, म्हणजे चेरीचे, झाड घ्या. झाड ‘इप्पोन’, त्यावरचे एक फूल ‘इचिरिन’, गळून पडलेली सपाट पाकळी ‘इचिमाई’. टोकियोत बहर सुरू झाल्याची अधिकृत घोषणा करण्यासाठी जपानच्या हवामान खात्याचे कर्मचारी यासुकुनी देवळाच्या आवारातील एका ठरलेल्या झाडापाशी जातात आणि फुले मोजतात. पाच-सहा फुले उमलली, की ऋतू सुरू झाला. म्हणजे एका ‘होन’वर पाच-सहा ‘रिन’.

सर्वांत बोलके उदाहरण ट्यूना माशाचे आहे. समुद्रात पोहणारा ट्यूना हा प्राणी आहे, म्हणून तो ‘हिकी’ने मोजतात. तो पकडून टोकियोच्या तोयोसू बाजारात लिलावासाठी थंडगार जमिनीवर ओळीने मांडला, की तो ‘होन’ होतो: लांब, निश्चल, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध असा माल. ५ जानेवारी २०१९ रोजी तिथे २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला विकला गेला; तो माल ‘इप्पोन’ होता. मग तो कापला जातो. दुकानात मिळणारी आयताकृती वडी ‘साकु’ने मोजतात, तिचे पातळ काप ‘किरे’ने, आणि तो काप भाताच्या मुटक्यावर बसून सुशी झाला की ‘कान’ने. मासा तोच आहे, पण पोहणाऱ्या जिवापासून ताटातल्या घासापर्यंत त्याच्याकडे पाहण्याची नजर चार वेळा बदलली, आणि प्रत्येक वेळी भाषेने ती नोंदवली.

माझ्या मते मोजशब्दांविषयी सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. मोजशब्द वस्तूचे वर्णन करत नाही. बोलणाऱ्याने त्या क्षणी वस्तूकडे कोणत्या बाजूने पाहिले ते सांगतो.

फोन लांबट कुठे असतो?

हा आक्षेप रास्त आहे. काठी आणि नदी समजली, पण फोन, सिनेमा आणि होमरन यांना कुठली लांबी?

सिनेमाचे सोपे आहे. चित्रपट म्हणजे एके काळी रिळावर गुंडाळलेली फिल्मची लांबलचक पट्टी होती, म्हणून एक चित्रपट ‘इप्पोन’ आणि एका तिकिटात दोन चित्रपट दाखवणारा खेळ ‘निहोनदाते’. आता फिल्म राहिली नाही, मोजणी राहिली. केळीची पाने गेली तरी पंगत पानांनी मोजली जाते, तसे. फोनचेही तसेच म्हणता येईल, कारण दोन घरांना जोडणारी तार लांबट होती. पण तारेएवढेच महत्त्व दुसऱ्या गोष्टीला आहे: आवाज एका टोकाहून निघतो आणि दुसऱ्या टोकाला पोहोचतो. ही वाट मनात काढून पाहिली, की ती रेघच असते.

होमरनमध्ये तर ती रेघ डोळ्यांना दिसते. बॅट लांबट असतेच, पण प्रेक्षक पाहतात तो चेंडूचा आकाशातला मार्ग: बॅटपासून निघून प्रेक्षकांच्या गर्दीत जाऊन पडणारी एक अखंड कमान. जपानचा महान खेळाडू सादाहारू ओ याने १९५९ ते १९८० या कारकिर्दीत अशा ८६८ कमानी काढल्या, आणि जपानी वृत्तपत्रे त्या ‘होन’मध्येच मोजतात.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ मध्ये ‘होन’चा हा पसारा उदाहरण म्हणून घेतला, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते, की माणसाच्या मनातले गट म्हणजे एका समान गुणाने भरलेल्या पिशव्या नसतात. मध्यभागी काही ठळक सदस्य असतात आणि बाकीचे साखळीने त्यांना जोडलेले असतात. गावातल्या भावकीचे चित्र डोळ्यांसमोर आणले की हे चटकन पटते. सहा पिढ्यांनंतर दोन घरांतील माणसांचे चेहरे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. त्यांच्यात समान असे काही शोधू गेले तर सापडत नाही. पण वंशावळ काढली, की कोणता काका कोणत्या पणजोबाकडून आला ते कळते. फोन आणि गाजर यांच्यात साम्य शोधण्यात अर्थ नाही. ते एकाच भावकीत कसे आले, ते विचारावे.

रेल्वेची फेरी आणि जूदोतील इप्पोन

मुंबईकरांना ‘होन’चा एक उपयोग लगेच समजेल. लोकलविषयी बोलताना रेल्वेची माणसे तीन गोष्टी वेगळ्या ठेवतात: डबा, रेक (डबे जोडून झालेली अख्खी गाडी) आणि फेरी. एकच रेक दिवसभरात अनेक फेऱ्या करतो, आणि ‘या मार्गावर फेऱ्या वाढवल्या’ या बातमीचा अर्थ नवी गाडी विकत घेतली असा होत नाही. जपानीत डबे ‘ऱ्यो’ने मोजतात आणि फेऱ्या ‘होन’ने. टोकियो-ओसाका शिन्कान्सेनवर, म्हणजे बुलेट ट्रेनच्या मार्गावर, मार्च २०२० पासून ताशी जास्तीत जास्त १२ ‘नोझोमी’ गाड्या सोडणारे वेळापत्रक लागू झाले, तेव्हा त्याला ‘नोझोमी जूनीहोन दाईया’ असेच म्हटले गेले, म्हणजे बारा-होनांचे वेळापत्रक. त्यातील प्रत्येक ‘होन’ म्हणजे १६ ‘ऱ्यो’ लांब गाडीची, सुटण्याच्या स्थानकापासून अखेरच्या स्थानकापर्यंतची एक धाव. बसचेही तसेच: आगारात उभ्या बसगाड्या यंत्रे म्हणून ‘दाई’, आणि दिवसातून गावात येणाऱ्या बसच्या फेऱ्या ‘होन’. मुंबई-अहमदाबाद मार्गावर शिन्कान्सेनच्याच तंत्राने ५०८ किलोमीटरचा लोहमार्ग उभा राहत आहे. तिथे काम करणाऱ्या दुभाष्याला ‘किती गाड्या?’ या प्रश्नाचा अनुवाद करण्याआधी यंत्रे विचारली आहेत की फेऱ्या, हे ठरवावे लागेल.

जूदोत साखळीचे टोक आणखी पुढे जाते. तलवार आणि दंड यांच्या द्वंद्वांत एक पूर्ण, निर्णायक वार म्हणजे ‘इप्पोन’; केन्दोत, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या खेळात, आजही सामना ‘साम्बोन’चा असतो आणि आधी दोन मिळवणारा जिंकतो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या जूदोत हातात काहीच नसते, तरीही शब्द तोच आला. प्रतिस्पर्ध्याला वेगाने, जोराने आणि ताबा न सोडता पाठीवर सपशेल पाडले, किंवा २० सेकंद जमिनीवर दाबून धरले, की पंच आपला हात सरळ डोक्यावर उंच करतात आणि ‘इप्पोन!’ म्हणतात. सामना तिथेच संपतो. फेक थोडी कमी पडली, तर हात खांद्याच्या रेषेत आडवा जातो आणि ‘वाझा-आरी’ मिळतो; असे दोन मिळून एक ‘इप्पोन’ होतो. रोजच्या बोलण्यातही, चर्चेत समोरच्याने बिनतोड उत्तर दिले, की जपानी माणूस मोकळेपणाने कबूल करतो, ‘इप्पोन तोरारेता’, म्हणजे एक ‘इप्पोन’ तुम्ही घेतलात.

इथे लांबीचा मागमूस उरलेला नाही. उरले आहे ते एवढेच, की काहीतरी सुरू झाले, मध्ये न तुटता पुढे गेले आणि पूर्ण झाले. झाडाच्या खोडात जे होते, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अखंड असणे, ते इतका प्रवास करूनही टिकले आहे.

हे सगळे जुने अवशेष नव्हेत का?

तसे असते, तर नव्या वस्तूंना ‘होन’ लागला नसता. संगणकावर पाहायचे व्हिडिओ ‘होन’ने मोजतात, आणि त्यांना रीळ कधीच नव्हते. फोनच्या वळणावर ‘मेल इप्पोन’ असेही म्हणतात, विशेषतः एकाच मेलने कोणाला नोकरीवरून काढले अशा बातम्यांत. निन्तेन्दोसारख्या कंपनीच्या विक्रीचे आकडे पाहिले, तर खेळण्याचे यंत्र ‘दाई’ने आणि त्यावर चालणारा गेम ‘होन’ने मोजलेला दिसतो. गाण्यांची तबकडी मात्र ‘माई’ने मोजतात, कारण ती सपाट वस्तू आहे. गेमचीही तबकडी असते, तितकीच गोल आणि तितकीच सपाट. पण तिथे मोजली जाते ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत खेळायची संपूर्ण कृती. तबकडी नाहीशी होऊन गेम इंटरनेटवरून उतरवला जाऊ लागला, तरी ‘होन’ला धक्का लागलेला नाही.

‘इप्पोन’चा ‘एकच, एकसंध’ हा अर्थही जोमात आहे. केवळ लेखणीवर पोट भरणाऱ्याला ‘पेन इप्पोन’ने जगणारा म्हणतात. अनेक पक्षांनी मिळून एकच उमेदवार उभा केला, की त्या एकवाक्यतेला ‘इप्पोनका’ म्हणतात. निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द बातम्यांत सारखा ऐकू येतो.

एकाच साध्या मोजशब्दावर भागत नाही का?

बऱ्याच अंशी भागते. ‘हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु’ ही जपानीची स्वतःची, चिनी प्रभावापूर्वीची मोजणी आहे, आणि नवख्याने दुकानात बोटाने दाखवून ‘फुतात्सु’ म्हटले तर दोन वस्तू बिनबोभाट मिळतात. पण ही मोजणी दहापर्यंतच जाते, माणसांना ती लावता येत नाही, आणि बाटली की पेला, यंत्र की फेरी हा फरक तिच्यात मावत नाही. त्यामुळे शिकणाऱ्याने सुरुवात तिच्यापासून जरूर करावी, पण ‘होन’, ‘माई’, ‘दाई’ यांना फार काळ टाळू नये.

जपानी मुले हे कसे शिकतात, असे विचारले जाते. आपण लिंग शिकलो तसेच. नदी ‘ती’ का, डोंगर ‘तो’ का आणि झाड ‘ते’ का, हे कोणी आपल्याला शिकवले नाही, आणि महाराष्ट्रात नव्याने आलेल्या माणसाने ‘माझा वही’ म्हटले तर ते आपल्याला तत्काळ खटकते. याद्या पाठ करण्यापेक्षा वस्तू हातात घेऊन, तिच्याकडे पाहत मोजण्याचा सराव अधिक टिकतो, असे मला वाटते. छत्री उचलताना ‘इप्पोन’, रुमाल उचलताना ‘इचिमाई’.

‘होन’चा आणखी एक उपयोग सांगायचा राहिला. जपानमध्ये एखादे मोठे काम पार पडले, मेजवानी संपत आली, की सारे उभे राहतात आणि एकाच्या इशाऱ्यावर सर्वजण मिळून टाळ्या वाजवतात: तीन, पुन्हा तीन, पुन्हा तीन, आणि शेवटी एक. या दहा टाळ्यांचा एक ‘इप्पोन’ होतो, म्हणून या प्रथेला ‘इप्पोन-जिमे’ म्हणतात. हीच आवर्तने तीनदा केली तर ‘साम्बोन-जिमे’. तीन त्रिक नऊ होतात. नऊच्या चित्राक्षरावर एक ठिपका दिला की ते ‘मारू’ होते, म्हणजे वर्तुळ, पूर्ण झालेले. शेवटची एकटी टाळी हा तो ठिपका, असे जपानी लोक सांगतात. ती वाजली, की लोक एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि घरी जायला निघतात.